प्रोत्साहन देण्याआधी अडथळे काढा

नव्याने सुपरवायझर झालेली मुलं-मुली मला हमखास विचारतात, "मॅडम, टीमला मोटिव्हेट कसं करायचं?" मी उलट विचारते, "काल तुमच्या माणसांचं काम कशामुळे अडलं होतं?" बहुतेकांना सांगता येत नाही. कोण उशिरा आलं, कोणाचं टार्गेट राहिलं, कोण फोनवर बोलत होतं हे तोंडपाठ असतं. काम कुठे अडलं याचा मात्र पत्ता नसतो.

माझी सगळी नोकरी गोदाम आणि डिस्पॅचमध्ये झाली. माल उतरवून घ्यायचा, मोजायचा, रॅकवर लावायचा, ऑर्डरप्रमाणे काढायचा, पॅक करायचा, गाडीत भरायचा. तिथे भाषण ऐकायला कोणाला सवड नसते. पाय दुखत असतात, गाडी दारात उभी असते आणि नेमकी त्याच वेळी सिस्टिम बंद पडलेली असते. खाली जे सांगते आहे ते सगळं तिथलं आहे. ऑफिसात किंवा दवाखान्यात तपशील बदलतील, पण फार नाही.

माझं मत असं की बहुतेक माणसं काम नीट करायची इच्छा घरूनच घेऊन येतात. ती वाढवायच्या भानगडीत पडण्याआधी ती रोज कशाने मरते ते शोधा.

पहिला आठवडा: विचारा आणि लिहून घ्या

"काही प्रॉब्लेम आहे का?" असं कधीच विचारू नका. त्याला ठरलेलं उत्तर आहे: "नाही मॅडम, सगळं ओके." साहेबाला तक्रार सांगून कोणाचं भलं झालेलं लोकांनी पाहिलेलं नसतं. प्रश्न नेमका हवा. काल कोणतं काम दोनदा करावं लागलं? कशासाठी थांबून राहावं लागलं? कुठल्या कामात तुम्ही स्वतःचा काही जुगाड केलाय? यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा, कारण जिथे जुगाड आहे तिथे यंत्रणेत भोक आहे, आणि ते भोक कोणीतरी स्वतःच्या वेळातून आणि कष्टातून बुजवतंय.

प्रत्येकाला एकेकटं गाठा, त्याच्याच कामाच्या जागी. केबिनमध्ये बोलावलं की माणूस सावध होतो.

आमच्याकडे पॅकिंगच्या एका टेबलाचा वेग कमी पडायचा. मीटिंगमध्ये त्या टेबलावरच्या बाईंना ठरल्यासारखी बोलणी बसायची. मी एक दिवस स्टूल घेऊन त्यांच्या शेजारी बसले. लेबल छापायच्या प्रिंटरमधला रोल थोड्या थोड्या वेळाने तिरका सरकत होता आणि लेबल अर्धवट छापून आत चिकटत होतं. बाई झाकण उघडायच्या, केसातली पिन काढून चिकटलेला कागद खरवडायच्या, झाकण लावायच्या, दोन कोरी लेबलं फाडून टाकायच्या आणि पुन्हा छापायला लावायच्या. पिन परत केसात. हे सगळं इतक्या सराईतपणे चाललं होतं की यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. "ते पहिल्यापासून असंच आहे मॅडम." रोल धरणाऱ्या दांडीची एका बाजूची क्लिप तुटलेली होती, एवढंच. क्लिप बदलल्यावर वेगाचा विषय संपला. पण मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. त्या आठवड्यात बाकीच्या टेबलांवरची माणसं आपापल्या तुटक्या वस्तू घेऊन माझ्याकडे यायला लागली. बोथट कटर, चाक अडकणारी ट्रॉली, चुकीच्या उंचीवर लावलेला स्कॅनर.

हा माझ्या एकटीचा अनुभव नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या तेरेसा अमाबिले आणि त्यांचे सहकारी स्टीव्हन क्रेमर यांनी ७ कंपन्यांतल्या २३८ जणांकडून रोजनिशी लिहून घेतली. जवळपास १२,००० नोंदी जमल्या. ज्या दिवशी माणसं उत्साहात होती त्या दिवशी काय घडलं होतं हे पाहिलं, तर सगळ्यात जास्त वेळा आढळलं ते एकच: ज्या कामाला अर्थ आहे असं वाटतं, ते काम त्या दिवशी थोडं पुढे सरकलं होतं. नंतर त्यांनी ६६९ व्यवस्थापकांना विचारलं, की माणसांना हुरूप कशाने येतो, क्रम लावा. कामातली प्रगती त्या यादीत तळाला गेली. म्हणजे जे साहेबाच्या हातात आहे तेच साहेबाला सुचत नाही.

जमलेल्या तक्रारींचे तीन भाग करा. मी आज करू शकते, वरून सही लागेल, होणार नाही. पहिल्या भागातलं काहीतरी, सगळ्यांना दिसेल असं, त्याच आठवड्यात करून टाका. तिसऱ्या भागातलं लपवू नका. का होणार नाही ते तोंडावर सांगा.

"बघते" हा शब्द सोडा

कामाच्या ठिकाणची नाती वाढदिवसाच्या केकने जुळतात असा एक समज आहे. केक कापा, हरकत नाही. पण माणूस साहेबाला मनात जोखतो ते दुसऱ्याच गोष्टीवर: मी काहीतरी मागितलं होतं, त्याचं काय झालं?

आठ दिवसांची रजा हवी, पाळी बदलून हवी, खुर्ची बदलून हवी, ओव्हरटाइमचे तास चुकीचे लागलेत. साहेब म्हणतो, "बघतो." पंधरा दिवस जातात. माणूस पुन्हा विचारायला येतो तेव्हा मान खाली घालून येतो, जणू उसने पैसे मागायला आलाय. तिसऱ्यांदा तो येत नाही. इथे त्याचं तुमच्याशी असलेलं नातं संपलेलं असतं, फक्त तुम्हाला कळलेलं नसतं.

एक साधी वही ठेवा. फोनमध्ये ठेवली तरी चालेल, पण मला वही बरी वाटते, कारण समोरच्याला आपण लिहून घेतोय हे दिसतं. चार रकाने: कोणी, काय मागितलं, उत्तर कधी देणार, दिलं का. "उत्तर कधी देणार" हा रकाना त्याच्यासमोरच भरा आणि मोठ्याने वाचा: "गुरुवारी दुपारी सांगते." गुरुवारी दुपारी जा आणि सांगा. एचआरकडून काही आलं नसेल तर तसंच सांगा: "अजून उत्तर नाही. सोमवारी परत विचारते." काम झालेलं नसताना फक्त हे सांगायला गेलात तरी विश्वास वाढतो. पटत नसेल तर महिनाभर करून पाहा.

आणि नकार लवकर द्या. "दिवाणखान्यात पाहुणे बसवून ठेवावेत तसं" माणसाला आशेवर बसवून ठेवणं वाईट. रजा देता येणार नसेल तर दुसऱ्या दिवशी सांगितलेला नकार तो पचवतो. तिकीट काढून झाल्यावर मिळालेला पचवत नाही.

याच्याच जोडीला दर पंधरवड्याला प्रत्येकाशी वीसेक मिनिटं एकट्याने बोला. माणसं जास्त असतील तर महिन्याला. यात टार्गेटचा आढावा घेऊ नका, त्याला दुसऱ्या मीटिंगा आहेत. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्याचं नाव बहुतेकांनी तिथल्या दिव्यांच्या उजेडाच्या प्रयोगासाठी ऐकलेलं असतं. मला तिथला दुसरा उपक्रम जास्त शिकवून गेला. १९२८ ते १९३० या काळात तिथे २०,००० हून जास्त कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. सुरुवातीला मुलाखत घेणारे ठरलेले प्रश्न विचारत होते. कामगार मात्र विषय सोडून भलतंच काहीतरी बोलायला लागायचे. शेवटी पद्धतच बदलली: माणसाला हवं ते बोलू द्यायचं आणि ऐकायचं. मी हेच करते. एखादा प्रश्न, मग गप्प बसणं. गप्प बसणं अवघड जातं, विशेषतः आमच्यासारख्या दिवसभर सूचना देणाऱ्यांना. समोरचा दोन मिनिटं हवापाण्यावर बोलतो आणि मग खरं काय ते निघतं.

त्या बोलण्यात घरचं काही कळलं तर ते तिथेच राहिलं पाहिजे. "अमक्याच्या घरी सध्या असं चाललंय, सांभाळून घ्या" असं चांगल्या हेतूनेही चारचौघांत बोललात, तर पुढच्या वेळी तुम्हाला हवापाणीच ऐकायला मिळेल.

पगार

यावर लांबण लावत नाही, पण टाळणंही बरोबर नाही. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी सुमारे २०० इंजिनियर आणि अकाउंटंटांशी बोलून १९५९ साली मांडलं, की माणसाला कामावर नाराज करणाऱ्या गोष्टी वेगळ्या (पगार, कंपनीची धोरणं, वरच्याची वागणूक, कामाची जागा) आणि कामात समाधान देणाऱ्या वेगळ्या (काहीतरी जमल्याची भावना, दखल, जबाबदारी, खुद्द काम). त्यांच्या पद्धतीवर टीका झाली आणि ती रास्त आहे; चांगलं झालं की आपल्यामुळे आणि वाईट झालं की कंपनीमुळे, असं माणूस सांगतोच. तरी मांडणी उपयोगी आहे. तिचा दुरुपयोग मात्र सर्रास होतो. "पैशाने कोणी खूश होत नाही हो" असं म्हणत इन्क्रिमेंट दाबायचं आणि वर प्रेरणेचं शिबिर भरवायचं. पगार कमी असेल तर शिबिराने संताप वाढतो.

सुपरवायझरच्या हातात पगार ठरवणं सहसा नसतं. पण तीन गोष्टी असतात. ओव्हरटाइमचे तास बरोबर आणि वेळेवर वर पाठवणं. इन्क्रिमेंट कशावर ठरतं हे वर्षाच्या सुरुवातीलाच सांगणं. आणि आपल्या अधिकारात नसलेलं वचन न देणं. "यंदा तुझं नक्की करतो" हे वाक्य अप्रेझलच्या आधी ज्या साहेबाने उच्चारलं, त्याने पुढच्या वर्षाची पंचाईत करून ठेवली.

बरोबरीचं काम करणाऱ्या दोघांच्या पगारात तफावत असेल तर ती लपून राहत नाही. स्वतःचा पगार किती यापेक्षा शेजारच्याचा किती यावरून माणूस जास्त दुखावतो. तफावतीला कारण असेल तर सांगता यायला हवं, नसेल तर वर लेखी कळवा. नुसतं बोलू नका, लेखी कळवा.

बक्षीस आणि दंड जपून

युरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी यांनी इस्रायलमधल्या हैफा इथल्या पाळणाघरांमध्ये केलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. पालक मुलांना न्यायला उशिरा यायचे म्हणून काही पाळणाघरांनी दंड लावला. उशिरा येणारे वाढले! आधी उशीर झाला की बाईंना थांबावं लागलं म्हणून ओशाळल्यासारखं व्हायचं. आता पैसे भरले की विषय संपला. दंड काढून टाकल्यावरही उशीर पूर्वीइतका कमी झाला नाही.

हजेरीला दहा मिनिटं उशीर झाला की पगार कापायचा, हा नियम लावायच्या आधी यावर विचार करा. आमच्याकडे कपात होती तेव्हा उशीर झालेला माणूस धावत येत नसे. कापले जाणारच आहेत तर निवांत यायचा. उशिराचं कारण विचारलं तर बऱ्याचदा बस आणि पाळीच्या वेळा जुळत नसत. काही जणांची पाळी पंधरा मिनिटं पुढे सरकवून तो प्रश्न सुटतो.

बक्षिसाचंही तेच. मोजता येईल तेवढ्यालाच बक्षीस लावलं की तेवढंच वाढतं. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत खाती उघडायच्या टार्गेटचा दबाव इतका होता, की कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न सांगता त्यांच्या नावाने लाखो खाती उघडली. २०१६ मध्ये हे उघड झालं तोवर सुमारे ५,३०० जणांना काढून टाकलेलं होतं. ती सगळी माणसं मुळात लबाड होती असं मी मानत नाही. गोदामात याची धाकटी आवृत्ती रोज दिसते: तासाला किती खोकी यावर बोनस लावा, सोपी खोकी सगळ्यांना हवी होतात आणि काचेचा माल कोणी हातात घेत नाही.

बोनस द्यायचाच असेल तर तो सगळ्या पाळीला मिळून द्या, आणि वेगाबरोबर परत आलेला मालही मोजा.

शाबासकी

"वेल डन टीम" हा मेसेज ग्रुपवर टाकला की अंगठ्यांची रांग लागते आणि कोणाच्याही मनाला काही होत नाही. काम पाहिलं असेल तरच कौतुक करा, आणि काय पाहिलं ते सांगा. "दुपारची गाडी भरण्याआधी तू यादी परत जुळवलीस, म्हणून ती तीन खोकी चुकीच्या गावाला गेली नाहीत." यात माणसाला दोन गोष्टी कळतात: कोणीतरी बघतंय, आणि आपण नेमकं काय बरोबर केलं.

त्याच दिवशी सांगा. काहींना चारचौघांत कौतुक झालेलं अजिबात आवडत नाही, नंतर बाकीचे टर उडवतात. अशांना बाजूला घेऊन सांगा किंवा त्यांच्या कामाची नोंद वरच्या साहेबाला मेल करून त्यांना प्रत द्या. "महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी" या प्रकाराबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. चार महिन्यांत तो फोटो पाळीपाळीने फिरायला लागतो आणि पुढचा कोण हे सगळ्यांना आधीच माहीत असतं.

आपल्या कामाचा कोणाला तरी उपयोग होतो हे प्रत्यक्ष दिसणं, याला शाबासकीपेक्षा जास्त जोर आहे. अ‍ॅडम ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्यांपैकी काहींची त्या पैशातून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी काही मिनिटांची भेट घडवून आणली. महिन्याभराने त्यांचा फोनवर बोलण्याचा वेळ आणि जमलेली रक्कम दोन्ही दुपटीहून जास्त झालेली होती. ज्यांना कोणी भेटलं नव्हतं त्यांच्यात तसा फरक नव्हता.

आम्ही एकदा माल घेणाऱ्या ग्राहकाकडच्या स्टोअरकीपरला आमच्या पॅकिंगला बोलावलं. त्याने आमचंच एक बंद खोकं टेबलावर ठेवलं, खिशातून कटर काढला आणि नेहमी उघडतो तसं उघडून दाखवलं. टेप मधोमध जाड लावलेली, म्हणून पातं जोरात दाबावं लागत होतं, आणि दाबलं की ते आतल्या पिशवीपर्यंत जात होतं. "तुम्ही मजबूत व्हावं म्हणून तीन पट्ट्या मारता, आणि माझा माल त्यानेच फाटतो," तो म्हणाला. पॅकिंगवरची मुलं त्याच्याभोवती गोळा झाली. पट्टी कुठे संपवायची, टोक कुठे दुमडायचं हे त्यांनी आपसात ठरवलं. तेच मी परिपत्रक काढून सांगितलं असतं तर "आता हे नवीन" म्हणून ते नोटीस बोर्डावरच राहिलं असतं.

चूक दाखवताना

अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरचे शेकडो निष्कर्ष एकत्र करून तपासले. सरासरीने फीडबॅकचा फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा त्यानंतर काम उलट बिघडलं होतं. लक्ष कामावरून निघून स्वतःकडे वळलं, "मी कसा आहे" यावर गेलं, की परिणाम मार खातो. म्हणून "तू आळशी आहेस" म्हणू नका. ते सिद्धही करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. "या आठवड्यात तीनदा गाडीबरोबर द्यायचं चलान चारनंतर आलं, आणि तीनही वेळा गाडी थांबून राहिली. काय झालं होतं?" असं विचारा. आणि उत्तर ऐका, कारण अर्ध्या वेळा त्याला ते चलानच उशिरा मिळालेलं असतं.

एकट्याला, त्याच दिवशी, डोकं शांत झाल्यावर. ग्रुपवर कधीच नाही. ग्रुपवर झालेला अपमान माणूस रात्री घरी पुन्हा पुन्हा उघडून वाचतो.

आधी स्तुती, मध्ये चूक, शेवटी परत स्तुती, हा प्रशिक्षणात शिकवतात तो फॉर्म्युला मी वापरत नाही. दोन महिन्यांत लोकांना त्याचा वास येतो आणि कौतुक केलं की ते "पण" ची वाट बघत उभे राहतात.

झालेली चूक कोणी आपणहून सांगायला आलं तर पहिलं वाक्य "बरं झालं लगेच सांगितलंस" हेच हवं. दुसरं, "आत्ता काय करायचं?" का झालं ते नंतर. १९९० च्या दशकात एमी एडमंडसन रुग्णालयांतल्या औषधोपचारांच्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील असा अंदाज होता. आकडे उलटे आले, चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त! कारण तिथे चुका सांगायची भीती नव्हती. बाकीच्यांनी त्या झाकल्या होत्या. तेव्हा तुमच्या विभागात महिनोन्‌महिने एकही चूक कानावर येत नसेल, तर पेढे वाटू नका, चौकशी करा.

टोयोटाच्या कारखान्यांत कामगाराला काही चुकीचं दिसलं तर तो दोरी ओढतो किंवा बटण दाबतो, टीम लीडर धावत येतो, आणि वेळेत निस्तरलं नाही तर लाइन थांबते. आम्ही गाडी भरताना हाच अधिकार सगळ्यांना दिला: मोजणी जुळत नसेल तर कोणीही "थांबा" म्हणायचं. पहिल्यांदा एका नवख्या मुलाने गाडी थांबवली तेव्हा मोजणी बरोबरच निघाली. ड्रायव्हर वैतागला. सगळी पाळी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी एवढंच म्हणाले, "शंका आली की असंच थांबवायचं." त्या दिवशी कपाळाला आठी पडली असती तर पुन्हा कोणी थांबवलं नसतं.

थोडं त्यांच्यावर सोडा

सगळ्यांत सोपी सुरुवात ड्यूटी चार्टपासून. तो सुपरवायझर बनवतो आणि मग महिनाभर त्यावरची कुरबुर ऐकतो. त्यापेक्षा अटी सांगा आणि चार्ट त्यांना बनवू द्या. माझ्या अटी लेखी होत्या: प्रत्येक पाळीत फोर्कलिफ्ट चालवायचा परवाना असलेले किमान दोघे, रात्रपाळी करून लगेच दुसरी पाळी नाही, नवीन माणूस एकटा नाही, महिनाअखेरीला रजा नाही.

पहिला चार्ट आला तो असा: जुन्या माणसांना सकाळ, नव्यांना रात्र. नवे काही बोलले नव्हते, बोलणारही नव्हते. मी चार्ट फेकून दिला नाही. जुन्यांना विचारलं, "पुढच्या महिन्यात यातली नावं अशीच अदलाबदल करून लावली तर चालेल ना?" थोडी चुळबुळ झाली, एकजण हसला, आणि दुसऱ्या दिवशी नवा चार्ट आला. तो माझ्या चार्टपेक्षा चांगला होता. कोणाच्या मुलाची शाळा कधी सुटते, कोणाची गाडी कोण शेअर करतं हे त्यांना माहीत होतं, मला नव्हतं.

सोडायचं तर खरंच सोडा. निर्णय आधी घेऊन मग "तुमचं काय मत?" विचारणं लोकांना चटकन कळतं, आणि त्यापेक्षा सरळ हुकूम बरा.

भांडणं, गट, चमचे

दोन जण एकमेकांशी बोलत नसतील तर कोण बरोबर याचा निवाडा करत बसू नका. त्यांची मैत्री तुमच्या पगारात बसत नाही; काम एकाकडून दुसऱ्याकडे नीट जातं की नाही एवढं बघा. माल काढणारे आणि पॅक करणारे यांचं आमच्याकडे कायम वाजायचं. दोघांना अर्धी अर्धी पाळी एकमेकांच्या जागी उभं केलं. मैत्री झाली नाही, पण "हे लोक मुद्दाम करतात" हे बंद झालं.

कानात येऊन दुसऱ्याबद्दल सांगणाऱ्याला एकच प्रश्न: "हे त्याला सांगितलंस का?" दोनतीनदा विचारलंत की येणं कमी होतं. आणि चहाला रोज त्याच दोघांबरोबर जाऊ नका. तुमच्या मनात काही नसलं तरी बाकीचे हिशेब मांडतातच.

अचानक मंदावलेला, आणि मुळातच न करणारा

हे दोन वेगळे. चांगलं काम करणारा माणूस एकाएकी गप्प झाला, रजा वाढल्या, तर उपदेश करू नका. "गेले दोन आठवडे तू नेहमीसारखा दिसत नाहीस. माझ्याकडून काही झालंय का?" असं विचारा. कारण बऱ्याचदा लहानसं असतं: त्याने सुचवलेली गोष्ट दुसऱ्याच्या नावावर गेली, किंवा त्याच्या हाताखाली शिकलेला त्याच्या पुढे गेला आणि त्याला कोणी दोन शब्द सांगितले नाहीत. घरचं किंवा तब्येतीचं असेल तर डॉक्टर होऊ नका. रजा, पाळी, हलकं काम, जे देता येईल ते विचारून द्या आणि कधीपर्यंत तेही ठरवा.

कामच न करणारा मात्र सगळ्यांच्या डोळ्यांवर असतो. त्याचं काम ओढणारे गप्प असतात, पण तुम्ही काय करता याकडे त्यांचं लक्ष असतं. तुम्ही डोळेझाक केलीत तर बाकी सगळी मेहनत पाण्यात. आधी खात्री करा की काम काय आहे हे त्याला नीट सांगितलेलं आहे, साधनं आहेत आणि ते त्याला येतं. येत नसेल तर शिकवा, जोडीला माणूस द्या. येत असून करत नसेल तर अपेक्षा कागदावर लिहा: कोणतं काम, किती, कोणत्या तारखेपर्यंत. दर आठवड्याला बसा, झालं ते झालं म्हणून लिहा, राहिलं ते राहिलं म्हणून लिहा, दोघांच्या सह्या घ्या. यातूनही काही जण सुधारतात. आजवर त्यांच्याशी कोणी इतकं स्पष्ट बोललेलंच नसतं.

काहींना जागा बदलून फरक पडतो. दिवसभर फोनवर ग्राहकांशी बोलून वैतागलेला एक जण आमच्याकडे स्टॉक मोजायला आला आणि छान रमला. पण बदली करताना नव्या सुपरवायझरला कागद दाखवा, काय घडलं, काय करून पाहिलं, काय जमलं नाही ते सांगा, आणि हे सांगितलंय हे त्या माणसालाही माहीत असू द्या. "हुशार आहे, फक्त आमच्याकडे वाव नव्हता" असं म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारलात तर तो सुपरवायझर पुढच्या वेळी तुमच्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवणार नाही, आणि महिनाअखेरीला चार माणसं उसनी मागायला तुम्हाला त्याच्याकडेच जायचं असतं.